वासराचा वाटा

आमच्या सासूबाई नागम्मा म्हणजे चहाच्या वेड्या. कुणाच्या दारी दुःखाला गेल्या तरी निघताना चुलीकडं एक नजर टाकायच्या. त्यांनी दूध सोडलं म्हणून सांगितलं, तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

बहात्तरच्या दुष्काळात माझी महानंदा अंगावर पीत होती. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून माझं दूध आटलं. गोठ्यात तांबडी गाय नुकतीच व्यायलेली, पण तिलाही वैरण कुठली? वासरानं दोन घोट घेतले की आत्याबाई त्याला ओढून बांधायच्या आणि निघेल ते दूध पोरीला पाजायच्या. पोर तगली, वासरू मेलं.

मग गाय पान्हा सोडेना. तेव्हा आमच्याकडं सगळे करतात तेच माझ्या मालकांनी, कल्याणप्पांनी केलं. वासराच्या कातड्यात भुसा भरून शिवलं आणि ते गाईपुढं उभं केलं. ती त्याला चाटायची, आत्याबाई धार काढायच्या. एक दिवस चाटता चाटता पोटाची शिवण उसवली आणि भुसा बाहेर आला. तांबडीनं तो हुंगला आणि खायला लागली. उपाशी जीव, तो तरी काय करणार? आपल्याच वासराच्या पोटातला भुसा तिनं खाल्ला. आत्याबाई दुधाची चरवी तिथंच टाकून उठल्या.

त्या दिवशी त्यांनी दूध सोडलं. म्हणजे सोडायला लागल्या. खोटं कशाला सांगू, एका दमात काहीच सुटलं नाही. गुळाचा कोरा चहा त्यांना काढ्यासारखा लागायचा. बहिणीकडं गेल्या की दुधाचा पिऊन यायच्या आणि घरी चोरासारखं तोंड करून बसायच्या. पुढं तो सुटला. मग दही सुटलं. पोळीवरचं तूप सुटायला तर कितीतरी सण गेले. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात प्यायची ताकातली अंबील मात्र कधीच सुटली नाही. त्यांची चुलत जाऊ द्वारकाबाई तेवढीच संधी साधायची. "काय नागम्मा, अंबील काय झाडाला लागती व्हय?"

"न्हाय सुटत, काय करू?" आत्याबाई वाटी खाली न ठेवता म्हणायच्या. "सुटंल तेवढं सोडते. समदं सुटायची वाट बघत बसले असते, तर काईच सुटलं नसतं."

एकदा मीच विचारलं, "आत्याबाई, तुमी तर महानंदाला जगवलंत. त्याचं कसलं पाप?"

"लेकराला पाजलं त्याचं काई न्हाय गं. पण त्यातलंच घोटभर म्या चहात घालत हुते. अन् वासरू खुंट्याला वरडत हुतं."

मी भांडी घासायच्या निमित्तानं उठले आणि मोरीवर बसून रडले.

पुढं गावात दूध सोसायटी निघाली. आमच्या गोठ्यात संकरित गाय आली आणि घर तिच्यावरच चालायला लागलं. सकाळी कल्याणप्पांना केंद्रावर कॅन पोचवायची घाई. आत्याबाई गोठ्याच्या दारात ठाण मांडून म्हणायच्या, "एक सड वासराचा ठिव." मायलेकांची रोज खडाजंगी. कल्याणप्पा वासराला नावाला सोडायचे, पान्हा फुटला की ओढून बांधायचे. म्हातारीचं घरात तेवढं एकच मागणं होतं, आणि तेच पुरं झालं नाही.

शेवटच्या आजारात त्यांनी माझा हात धरला. "आपल्यात तिसऱ्या दिवशी मातीवर दूध-तूप घालत्यात. माझ्या मातीवर दूध नका घालू. वासराला पिऊ द्या." मी हो म्हटलं. पण भावकीपुढं सुनेच्या हो-ला कोण विचारतो?

त्या गेल्या. आमच्यात पुरतात, तशी त्यांना शेतात माती दिली. तिसऱ्या दिवशी भावकी अंगणात जमली, तेव्हा मी त्यांचं मागणं सांगून पाहिलं. चुलत सासरे रेवणप्पा उसळले. "दुधाबिगर कसं जमंल? म्हातारीचा जीव भटकंल!" कल्याणप्पा खाली मान घालून बसले होते. मी तांब्या उचलला आणि गोठ्यात गेले. कासेला हात लावायच्या आधी वासराचं दावं सोडलं. ते ढुशा देत पिऊ लागलं, या सडावरून त्या सडावर. बाहेरून हाकांवर हाका. मी त्याला ओढलं नाही. पोट भरल्यावर ते आपणहून बाजूला झालं, तेव्हा धार काढायला बसले. तांब्याचा तळही धड झाकला नाही.

मातीपाशी रेवणप्पांनी तांब्यात डोकावलं. "एवढंच?"

"वासरू पिऊन उरलं ते एवढंच हाय, मामा."

कुणी काही बोलायच्या आत कल्याणप्पांनी माझ्या हातातून तांब्या घेतला. त्यांनी तो मातीवर रिता केला. कोरड्या मातीनं ते घोटभर दूध लगेच पिऊन टाकलं.

"आई," ते म्हणाले, "आज त्यानं पोटभर पिलं बघ." आणि रिकामा तांब्या धरून ते तिथंच मातीत बसले.