शेवंतीचा साबण आणि प्रफुल्लचं नख

शेवंती, तू डोंबिवलीला मुलीकडे जाऊन सुटलीस. गणपती जवळ आले की इथे काळाचौकीत सगळी चाळ मला छळते, "बाई, शेवंतीमावशी येणार ना?" ये बघू मुकाट्याने.

ते वर्ष आठवतं? आदल्या गणपतीत महाप्रसाद जेवून अर्धी चाळ संडासासमोर रांगेत उभी होती. आळ बिचाऱ्या मठ्ठ्यावर आला. मंडळाचा अध्यक्ष प्रफुल्ल म्हणाला, "यंदा बाहेरून पाकिटं मागवू." तुझं तोंड उतरलं. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर तू डबे करून घर चालवलंस, पण हौसेनं रांधायचीस ते याच एका दिवशी.

"एकदा माझं ऐक," तू म्हणालीस. "एक जरी माणूस आजारी पडला, तर परत झाऱ्याला हात लावायची नाय."

महाप्रसादाच्या सकाळी तू आधी दारातली बादली मोरीत उपडी केलीस. रांधणारे-वाढणारे सगळे त्या एकाच पाण्यात हात बुचकळून स्वयंपाकाकडे शिरायचे आणि त्याला हात धुणं म्हणायचे. मी शाळेत जन्मभर आरोग्य शिकवलं, पण फळ्यावरचे जंतू कुणाला चावत नाहीत. तू मला स्टुलावर बसवून हातात तांब्या दिलास. मी वरून पाणी घालायचं, तू साबण द्यायचास आणि नखं तपासायचीस.

प्रफुल्ल आला. करंगळीचं नख इंचभर.

"हे कापून ये."

"मावशी, नवसाचं आहे. लग्न जमेपर्यंत कापायचं नाही."

"नवस कुणाला बोललास?"

"बाप्पालाच की."

"आणि बुडवणार त्याच्याच वरणात? बाप्पाशी मी बघते. बाईंच्या पर्समध्ये नेलकटर आहे."

"असलं नख बघून मुलगी कोण देणार रे तुला?" मी म्हटलं. वाढपी हसायला लागले, प्रफुल्लने निमूट नख कापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या दारात आलीस. "बाई, संडासाकडे बघा. रांग नाय." आणि पदर तोंडाला लावून किती हसलीस. पाकिटांचा विषय पुन्हा निघाला नाही. प्रफुल्लचं लग्नही त्याच मार्गशीर्षात जमलं.

राहिलं ते एकच. वाढप्यांच्या डोक्याला बांधायला पांढरं कापड आणायला आपण हिंदमाताच्या बाजारात दोनदा गेलो. एकदा तू साड्यांच्या दुकानात शिरलीस, एकदा मी. वाढपी अजून रुमालच बांधतात.