शुद्धीपत्र निरंक

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही, अम्मीला माहीत नाही. दुआ मागतानाही मी तिथवर येते आणि गोलमोल बोलून पुढे सरकते — जणू वरच्याला तपशील ठाऊकच नाहीत! तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळलेलं नाही. मी थेट मुद्द्यावर येणारी बाई नाही. फिरून फिरून येईन, पण येईन.

मी चंद्रपुरात चालू घडामोडी शिकवते. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं सकाळी सातला येतात. योजना, समित्या, नेमणुका, युद्धसराव, अभयारण्यं — सगळं. मॅडमच्या नोट्समध्ये चूक दाखवली तर चहा मॅडमकडून, अशी आमच्या वर्गाची पैज आहे, आणि तो चहा मला फारसा पाजावा लागत नाही. मुलं म्हणतात, मॅडमचं लिहिलेलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते ऐकून मला बरं वाटतं. खरंच बरं वाटतं — आणि मग दिवसभर स्वतःचं तोंड बघवत नाही.

मी मूळची राजुऱ्याची. अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पदवी झाल्यावर मी तयारीसाठी चंद्रपूरला आले आणि एका खोलीत दोघी राहिलो — मी आणि सुनंदा. सुनंदा गडचिरोलीकडची, धानोऱ्याच्याही पुढे जंगलात तिचं गाव. घरी गोंडी बोलायची, माझ्याशी तिकडची मराठी. आली तेव्हा तिला पेपर कसा वाचायचा हेसुद्धा माहीत नव्हतं. पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत सगळं वाचायची आणि दुपारी विचारायची, "शबू, यातलं परीक्षेले काय येते?" मी हसायचे. मग मीच तिला शिकवलं — कोणतं पान सोडायचं, कोणत्या ओळीखाली रेघ मारायची, एका बातमीतून चार प्रश्न कसे निघतात. हे मुद्दाम सांगतेय. का, ते पुढे कळेल.

आमची वाटणी ठरलेली होती. पर्यावरण, संरक्षण, समित्या माझ्याकडे. अर्थव्यवस्था, योजना तिच्याकडे. आपापल्या विषयाची वही लिहायची आणि दुसरीला द्यायची. दुसरीनं ती पाठ करायची, पुन्हा पेपर चाळत बसायचं नाही, एवढा वेळच नसायचा. म्हणून शुक्रवारी शुद्धीपत्र. आपण लिहिलेल्यात काही चुकलं असेल, एखादी बातमी मागाहून बदलली असेल, तर आपण होऊन सांगायचं. काही नसेल तर म्हणायचं — निरंक. सरकारी रकान्यात सांगण्यासारखं काही नसलं की लिहितात ना, तसं. अधिकारी होण्याचा पत्ता नव्हता, भाषा मात्र आधीच उचलली होती! त्यावर आम्ही किती हसलोय.

अभ्यासिकेत दर रविवारी सराव पेपर व्हायचा आणि गुण फळ्यावर लागायचे. पहिलं वर्ष मी वर होते. दुसऱ्या वर्षी आम्ही बरोबरीला आलो. मग ती वर गेली आणि वरच राहिली. अभ्यासिकेचे सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "जंगलातून आलेली पोरगी बघा, अन् तुम्ही शहरातले!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तिनं लाजून माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणाली, "हिनंच शिकवलं मले." लोक हसले. तिनं मनापासून म्हटलं होतं. मला मात्र ते झोंबलं — काय करायचं असल्या मनाला?

आणि एक सांगते, म्हणजे मला कुठून पळायला जागा राहणार नाही. तिची-माझी स्पर्धा नव्हतीच. आमचे प्रवर्ग वेगळे. ती पास झाली म्हणून माझी जागा जाणार नव्हती, ती नापास झाली म्हणून मला मिळणार नव्हती. परीक्षा देणाऱ्या कुणालाही विचारा, हे पहिल्या दिवशी कळतं. मला कळत नव्हतं असं नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात तिच्या आईचा हात मोडला आणि धानाच्या रोवणीला माणूस कमी पडलं. पूर्वपरीक्षा तोंडावर, पण सुनंदाला घरी जावं लागलं. जाताना बाबांनी तिला घातलेली अट तिनं मला सांगितली — यंदा पूर्व निघाली तर पुढे शिक, नाहीतर पुरे. गावात नेटवर्क नाही, पेपर येत नाही. मग असं ठरलं की सगळेच विषय मी लिहायचे आणि दर आठवड्याला वही एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायची. तो फाट्यावरच्या पानठेल्यात ठेवायचा, तिथून तिचा भाऊ न्यायचा. आणि शुक्रवारी ती गावामागच्या टेकडीवर चढायची. तिथं एक खडक होता, त्यावर उभं राहिलं की फोन लागायचा. चिखलानं माखलेले पाय घेऊन ती शुद्धीपत्रासाठी वर जायची.

पहिल्या दोन वह्या मी जीव लावून लिहिल्या. हे खरं आहे, पण याचा उपयोग काय?

तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी सरांनी फळ्याजवळ माझा पेपर तपासला. मी पहिली आले होते — ती नव्हतीच ना. सर म्हणाले, "बरंय. सुनंदा कधी येते?" एवढंच. दुपारी लाइट गेली होती, अभ्यासिकेत आम्ही तिघी-चौघीच होतो, मी तिची वही लिहायला घेतली. रामसर यादीत एका नव्या पाणथळ जागेची भर पडली होती, तामिळनाडूतली. मी त्या जागेचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं — कर्नाटक.

हात चुकून गेला असं म्हणायची मला फार इच्छा आहे. पण पेपर समोर उघडा होता. मी ते लिहिलं, वाचलं, आणि खोडलं नाही. मग एका युद्धसरावाचं ठिकाण बदललं. मग दोन समित्यांचे अध्यक्ष एकमेकांच्या जागी घातले. तीन ओळी. बाकी सगळी वही अगदी बिनचूक, सुंदर अक्षरात, लाल शाईच्या रेघांसकट. नंतर बसस्टँडवर जाऊन कंडक्टरभाऊंच्या हातात दिली आणि सांगितलं, "भाऊ, भिजू देऊ नका."

शुक्रवारी फोन आला. वारा एवढा होता की तिला ओरडून बोलावं लागत होतं. पाठीमागे कुणीतरी गोंडीत हाका मारत होतं.

"शबू, मस्त लिहिलं तू! शुद्धीपत्र सांग."

इथे मला थांबता आलं असतं. तुम्ही म्हणाल, बाई, रागाच्या भरात माणूस लिहून जातो, होतं. पण आता तर पाच दिवस उलटून गेले होते आणि राग केव्हाच उतरला होता. फक्त ‘कर्नाटक खोड’ म्हणायचं होतं. ती कारणही विचारणार नव्हती. पण मग मी चुकले असं झालं असतं, तिच्यासमोर — आणि तेवढंही मला नको झालं.

मी म्हटलं, "निरंक."

ती हसली. पुढच्या शुक्रवारी तिनं पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्याही. मी तिन्ही वेळा तेच सांगितलं.

परीक्षेत पाणथळ जागेचा प्रश्न आला. जोड्या लावा. दुसऱ्या दोन गोष्टी आल्या नाहीत, ही एकच आली. मी बरोबर सोडवला.

निकाल लागला तेव्हा मी आत होते आणि ती बाहेर होती. एक प्रश्न बरोबर आला असता तर तीही आत होती. ती सामान न्यायला खोलीवर आली, उत्तरतालिका घेऊन बसली आणि बोटानं एकेक प्रश्न बघत गेली. त्या प्रश्नापाशी बोट थांबलं. मी स्टोव्हपाशी उभी होते. मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. सुटका झाल्यासारखंही वाटलं — खरं सांगते.

ती म्हणाली, "अवं, हा तं मले माहीत होता! बाजारातून सुकट आणली होती पेपरात बांधून. त्याच्यावर या तलावाचा फोटो होता, पक्षी होते, म्हणून मी भिंतीले चिकटवला. खाली तामिळनाडूच लिहून होतं. रोज दिसे मले."

"मग?" मी विचारलं. माझ्याच्यानं विचारवलं, बघा.

"तुया वहीत कर्नाटक होतं ना. मले वाटलं, दोन तलाव असतीन एकाच नावाचे. तू कायले चुकशीन?"

मी उगाच स्टोव्ह पुसायला लागले. तिला वाटलं मला वाईट वाटलं. ती उठून माझ्याजवळ आली, पाठीवर हात ठेवला आणि वर माझीच समजूत काढली, "जाऊ दे नं. दोघींचं लिहून राह्यली होती तू, एखादी ओळ होते इकडची तिकडं. माया नशिबात नव्हतं. तू रडू नको."

मी रडत होते. ती समजली ते वेगळंच, आणि मी तिला तसं समजू दिलं.

ती त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं गेली. पुस्तकं मला देऊन गेली. मी मुख्य परीक्षेत नापास झाले, नंतर दोनदा पूर्वच निघाली नाही, मग शिकवायला लागले. याला शिक्षा म्हणू नका, माझा अभ्यासच कमी होता. सुनंदाचं गावातच लग्न झालं. शाळेत मुलांचं जेवण शिजवते. पहिली काही वर्षं ईदला तिचा फोन यायचा, खडकावरूनच. मी कामात असल्याचं सांगून लवकर ठेवायचे. मग तीच करेनाशी झाली.

यंदा जूनमध्ये तिच्या भावाची मुलगी माझ्या वर्गात आली. हुशार आहे, डोळे आत्याचेच. पहिल्या दिवशी तिनं पिशवीतून चारोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. "आत्यानं देल्या. म्हणे, मॅडमले खीर आवडते." त्या मी घेतल्या, घरी नेल्या, खीर केली आणि सगळ्यांबरोबर बसून खाल्ली. नवरा म्हणाला, चारोळी अस्सल आहे. मी म्हटलं, हो, जंगलातली आहे.

ती मुलगी पहिल्या बाकावर बसते. मी बोलते तसं खाली मान घालून लिहून घेते. परवा मी तिला म्हटलं, "माझं लिहिलेलं पेपरशी ताडून बघत जा. मी चुकू शकते."

ती हसली. म्हणाली, "नाई मॅडम. आत्यानं सांगितलं आहे, तुमचं तपासायचं नाई म्हणून."

मी फळ्याकडे वळले आणि पुढची समिती लिहायला घेतली.