मधमेणाचा धूर

मी पदवीधर झालो तो सुमनअक्कांमुळे. शिरपूरला कॉलेजात असताना त्यांनी मला आपल्या घरात ठेवून घेतलं. काल त्यांनी इथे धुळ्याला स्वतः केलेल्या मेणबत्त्यांचं पुडकं पाठवलं. तो मधाचा वास आला आणि कॉलेजच्या दिवसांतली एक दुपार आठवली.

दिवाळीआधी अक्का मधाच्या पोळ्यांचं मेण आणायच्या. पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात मेणाचा डबा ठेवायचा आणि मेण वितळलं की सुती वाती त्यात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायच्या. प्रत्येक बुडीला मेणबत्ती जराशी जाड होई. त्या दुपारी आम्ही गप्पांत रमलो आणि पातेल्यातलं पाणी आटून गेलं. डब्यातून धूर निघाला, पाठोपाठ भपकन ज्वाळा उठली. मी माठाकडे धावलो.

"पानी नको टाकू भाऊ! भडका व्हई, बठ्ठं घर जयी जाई!"

सगळं घर जळून जाईल, असं ओरडत अक्कांनी मला मागे ढकललं, गॅस बंद केला आणि पातेल्यावर परात पालथी घातली. कडेने ज्वाळा बाहेर येत होत्या. आम्ही श्वास रोखून परातीकडे बघत राहिलो. हळूहळू ज्वाळा विझल्या.

"आते बस खाले," त्या म्हणाल्या. मग स्वतःही माझ्याशेजारी खाली बसल्या.

तेव्हा मला फक्त आग दिसली होती. आज दिसतात त्या माझ्या आणि आगीच्या मधे उभ्या असलेल्या अक्का. आता त्या घरी एकट्याच असतात. फोनवर सगळं हसण्यावारी नेतात, म्हणून मी पत्र लिहिलं:

"अक्का, मी रविवारी येतो. तोवर मेण तापवू नका. तुम्हाला मागे ढकलायला तिथे कुणी नाही."