तूपवाले जावई आणि उडती एरियल

बडोद्यात जन्मून मला पतंग उडवता येत नाही. नागरवाड्यात हे मोठ्याने बोलायची सोय नाही. लोक आधी हसतात, मग कपाळाला हात लावून ताप बघतात.

मला येतो तो हॅम रेडिओ. म्हणजे रीतसर परवाना काढून, घरी बनवलेल्या सेटवरून, ज्यांचं आपल्यावाचून काहीही अडलेलं नाही अशा लोकांशी बोलणं! माझा सेट तुपाच्या डब्यात बसवलेला होता आणि माइकचं बटण (दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं) दारावरच्या घंटीचं होतं. (तेव्हापासून घंटी बंद. पाहुणे कमी झाले, हा फायदा वेगळा.) नागपूरचे माझे सासरे या छंदातले मुरलेले. ते म्हणाले होते, "जावईबापू, त्या डब्यातून तुमचा आवाज माझ्या घरी पोचू द्या, मग तुम्हाला कारागीर म्हणतो." तोवर ते मला 'तूपवाले' म्हणत. तेही भर पंगतीत!

आवाज पोचायचा तर एरियल उंच हवी. गच्चीतल्या बांबूवरून माझा आवाज जेमतेम पाणीगेटपर्यंत जाई. तेवढा तर मी नुसता ओरडूनही पोचवला असता. मग मला ती थोर कल्पना सुचली: उतराणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगोत्सवात, मोठ्या पतंगाला बारीक तांब्याची तार बांधायची आणि तिचं दुसरं टोक सेटला जोडायचं! सासऱ्यांना वेळ कळवली. पतंग अर्थातच माझी बायको सुनंदा उडवणार होती. ती पतंगबाजीत वडिलांच्या हाताखाली तयार झालेली.

पतंग चढला, तार चढली, एका हातात फिरकी धरून मी दुसऱ्या हाताने बटण दाबलं. "नागपूर, नागपूर, बडोद्याहून बोलतोय..."

तेवढ्यात शेजारच्या गच्चीतून जयंतीभाईंचा लाल पतंग आमच्यावर सरकला. "आवी जाओ, भाभी!"

"सुनंदा, बाजूला घे!"

"पेच आलाय, बाजूला कसली घेते!"

"अगं, तो पतंग नाही, एरियल आहे!"

"मग एरियलनेच कापते! ढील हवी, फिरकी सोडा!"

"सोडली तर तार सेटमधून निघेल!"

मी फिरकी पोटाशी आवळून धरली. विज्ञानासाठी माणसाला थोडं सोसावं लागतं. (सोसलं सुनंदाने.)

"काप्यो छे!" अख्खी गल्ली ओरडली, पिपाण्या वाजल्या. पतंग गेला, त्याच्यामागे तार गेली आणि तारेमागे तुपाचा डबा टेबलावरून धाडकन खाली आला. माझ्या हातात फक्त बटण उरलं, आणि तेही आत रुतलेलं. पहिल्यांदा दाबलं तेव्हाच ते अडकलं होतं!

घरात फोन वाजला. सासरे होते.

"आवाज आला का?" मी जीव मुठीत धरून विचारलं.

"शब्द न् शब्द आला! मी इकडून घसा फोडून सांगतोय, 'ढील द्या, ढील द्या!' तुम्ही बटन सोडाल तेव्हा ऐकाल ना!"

"म्हणजे... आता कारागीर?"



"सेट झकास आहे. पण माझ्या पोरीला पेचात ढील न देणारा माणूस... तूपवालेच राहा!"