न बांधलेलं घर

मानमोडीच्या तापात आईबाप गेलेली ती पंधरा-सोळा वर्षांची पोर नंदुरबारच्या जिन कारखान्यात कापूस निवडायला यायची. मी तिथे वजनकाट्यावर होतो. दुपारच्या सुटीत ती धुळीत बोटाने आपलं पुढे बांधायचं घर रेखायची. इथे चूल, तिथे शेळी.

एकदा मजूर गोळा करणारा एक मुकादम गाडी घेऊन आला. तो अनाथ मुलींना सुरतेकडे न्यायचा. गेलेली एकही परतली नव्हती.

"चाल वं, तठे पोटभर खावाले भेटी," तो म्हणाला.

तिच्या मैत्रिणी चढल्या. ती जागची हलली नाही.

"मी गऊ तं मन्हा घरमा कोण ऱ्हाई?"

हंगाम संपला तशी ती कोरीटच्या, आपल्या गावच्या, वाटेला लागली. तिथे तिचं कुणी उरलं नव्हतं, तरी ती भरभर चालत होती. मैत्रिणींची मात्र खबर आली नाही, आणि त्यांची चौकशी करायलाही कुणी आलं नाही.