मीनूची स्टोरी आणि उडदाचे पापड

पापडांची थप्पी कशी वाढत जाते, ते लाटणारीला कळत नाही. संध्याकाळी डबा भरायला घेतला की कळतं, अरे, एवढे झाले! आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे रायपुरातल्या आमच्या मोहल्ल्यातल्या, गोष्टींचंही तसंच. मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून कोण कुठं बसून काय बोललं ते सगळं डोक्यातच ठेवावं लागतं, आणि तिथून ते हलत नाही. त्या एका उन्हाळ्याचंच घ्या.

आमची मीनू तेव्हा दहावी होऊन घरी बसली होती. आणि काय करत होती? स्टोरी लिहीत होती! पुढं कधीतरी पृथ्वीवरची हवा संपते, माणसं दुसऱ्या ग्रहावर काचेच्या शहरात राहायला जातात. तिथं दरसाल एक कॉम्पिटिशन. एकेका पाऱ्यातून एकेक पोर उचलायचं, लोखंडाच्या जंगलात सोडायचं. शेवटी जो जिवंत उरेल, त्याच्या पाऱ्याला वर्षभर हवा.

मीनूला पुढं आर्ट्स घ्यायचं होतं. माझा मुलगा विलास, म्हणजे तिचा बाप, म्हणत होता इंजिनिअरिंग. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "तुह्या स्टोरीचे दहा पानं कोणी ऐकणार नाही. आईच्या पापडवाल्या बायायले शेवटपर्यंत बसवून दाखव. बसल्या, त आर्ट्स. एक जरी मधातून उठून गेली, त चुपचाप कोचिंगले जायचं."

"डन, पापा!" मीनू म्हणाली.

सून म्हणाली, "तुमच्या दोघांत मी नाही पडत," आणि ताटं उचलून निघून गेली.

* * *

आमच्यात पापड कोणी एकटी लाटत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. पीठ जिचं तिचं, हात सगळ्यांचे. तिथंच मीनू कोपऱ्यात बसून वाचायची. लिहिलेलं हिंदीत, वाचता वाचता आमच्यासाठी मराठी करायची.

पहिल्याच दिवशी पोरं जंगलात सोडली आणि कमलबाईचं लाटणं थांबलं. कमलबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यात तिखट.

"त्यायच्या आया कुठं होत्या?"

"आजी, वो स्टोरी में नहीं हैं।"

"नाहीत म्हणजे? मेल्या?"

"मेल्या नाही... मी लिहिल्याच नाही."

"लिहिल्याच नाही!" कमलबाई आमच्याकडं वळली. "अन् पोट्टे काय नळातून आले?"

दुसऱ्या दिवशी स्टोरीत प्रत्येक पोराची आई दारात उभी! त्यातली एक तर अशी ओरडली की तिच्या पोराला न्यायला आलेला रोबोट मागं सरकला. कमलबाईनं मान हलवली.

"आता बरोबर हाये. ते बाई समजदार दिसते."

* * *

मग मीनूनं काचेच्या शहराचं वर्णन वाचलं. इकडून तिकडं रुंद रुंद रस्ते, उंच उंच बिल्डिंगा, रात्रभर लाइटी, आणि माणूस म्हणाल तर औषधालाही नाही.

पुष्पा म्हणाली, "अवं, हे त नवा रायपूर होय!"

सगळ्या इतक्या हसल्या की पीठ उडालं. विलासचं ऑफिस तिकडंच, त्या नव्यानं वसवलेल्या राजधानीत. संध्याकाळी मी त्याला हे सांगितलं. त्यानं बूट काढता काढता विचारलं, "कोण बोललं?"

"पुष्पा."

दुसरा बूट काढून तो म्हणाला, "तिले सांगजो, तिथं बस तरी येते."

* * *

जंगलातली पोरं भुकेली झाली की गोळ्या खायची. एक गोळी, दिवसभराचं जेवण. हे दुलारीला पटेना. दुलारी मूळची इथलीच, छत्तीसगढची, शेजारच्या घरातली. आमच्यात बसून बसून मराठी सगळं समजते, बोलते मात्र आपलंच, छत्तीसगढी.

"उहां चरोटा भाजी नइ जामय का?" चरोटा म्हणजे टाकळ्याची रानभाजी, आणि ती तिथं उगवत नाही का, असं ती विचारत होती.

"काकी, वो दूसरा ग्रह है! तिथं गवत पण नाही."

"चरोटा ला का चाही? सड़क तीर म घलो जामथे।"

मीनूनं दोन दिवस वाद घातला. हवा नाही, पाणी नाही, माती नाही, सगळं समजावलं. दुलारी प्रत्येक वाक्याला "हव, हव" म्हणाली आणि शेवटी विचारलं, "त चरोटा कब जामही?"

तिसऱ्या दिवशी त्या ग्रहावर चरोटा उगवला. मीनू वाचताना आमच्याकडं बघत नव्हती.

* * *

भ्यालं की हात आखडतो आणि पापड जाड होतो. हे आम्हाला आधी ठाऊक नव्हतं, कमलबाईच्या घरी समजलं. त्या दिवशी मीनूनं लोखंडी गिधाडांचा चॅप्टर काढला. गिधाडं वरून घिरट्या घालतात, खाली पोरं पळतात. संध्याकाळी कमलबाईनं एक पापड उचलून उजेडात धरला.

"हा पापड होय का भाकर? ते गिधाडं माह्याच घरी कायले आणले?"

झालं! त्या दिवसापासून ज्या घरी पापड, ती आधी विचारायची, आज कोणता चॅप्टर? पुष्पाच्या पोरीचं लग्न ठरलेलं. ती आदल्या दिवशीच येऊन बसली.

"मीनू, हे पापड रुखवतात मांडायचे हायेत. उद्या माह्या घरी कोणी मरायले नको!"

"काकू, स्टोरी आगे कैसे बढ़ेगी?"

"परवा वाढव ना!"

तेव्हा पुष्पाच्या घरी सगळ्या पोरांना झोप लागली. पूर्ण चॅप्टरभर पोरं झोपलेलीच! एक कूस बदलते, एकाला स्वप्न पडतं, बस्स. आणि पापड काय झाले! पातळ, सारखे, एकही फाटला नाही. तो चॅप्टर सगळ्यात बोर आहे, असं मीनू अजून म्हणते. मुलाकडचे मात्र रुखवतापुढून हलत नव्हते.

* * *

शांता कमी बोलणारी. तिचा मुलगा राजू शहराबाहेर उरला भागात लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जातो. स्टोरीत बिरजू नावाचा एक पोरगा होता, दुसऱ्या पाऱ्याचा, पण मीनूच्या हिरोइनला, ताराला, जागोजागी मदत करायचा. सगळ्यांचा लाडका. दुलारीच्या घरी त्याचा चॅप्टर आला. भट्टीचं जड गेट वरून खाली येतंय, बिरजू ते खांद्यावर धरून ठेवतो, तारा खालून निघून जाते. आणि गेट पडतं.

शांता उठली. हाताला तेल तसंच, पायात चप्पल नाही. भर उन्हात घरी निघून गेली.

मी मीनूकडं पाहिलं. तिला बिरजूचं रडू येत होतं की आर्ट्सचं, ते मला अजून सांगता येणार नाही.

लपवायची तिला सवय नाही. रात्री तिनंच बापाला सांगितलं. "पापा, शांताकाकू उठ के चली गई। चप्पल भी नहीं पहनी।"

"चप्पल न घालता?"

"हव."

"मंग ठरलं तसं," विलास म्हणाला. पण त्यानं दुसरी पोळी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी पापड शांताकडंच होते. पाळी कोणी मोडत नाही, तेव्हा गेलो. मीनूलाही नेलं. शांतानं पीठ कुटून तयार ठेवलं होतं. तिनं लाट्या वाटल्या, खाली बसली आणि मीनूकडं न बघताच म्हणाली, "पोरी, त्याले मरताना पाणी कोणी पाजलं?"

"कोणीच नाही, काकू."

"मंग लिही ना. तारा जवळच होती न? पाणी पाजू दे, मंग जाऊ दे त्याले."

मीनूनं तिथंच बसून लिहिलं. तेवढा वेळ एकीचंही लाटणं फिरलं नाही. लिहून झाल्यावर तिनं वाचलं. तारा मागं फिरते, गेटाखालच्या फटीतून हात घालते, बिरजू दोन घोट पितो.

"हं," शांता म्हणाली. "आता पुढं वाच."

त्या संध्याकाळी सगळ्या आमच्या दारात! कमलबाई सगळ्यांच्या पुढं.

"विलास, शांता काही उठून गेली नव्हती. हिंग आणाले गेली होती!"

"चप्पल न घालता, काकू? एवढ्या उन्हात?"

"हिंग जवळच भेटते!"

पुष्पा मागून म्हणाली, "अन् वापस आली न भाऊ? आली म्हणजे बसलीच!"

विलासनं शांताकडं पाहिलं. शांता दाराच्या चौकटीकडं पाहत होती.

"ठीक हाये," तो म्हणाला. "पण आता शेवटच्या पानापर्यंत. यानंतर कोणीही उठलं, त कोचिंग. मंग हिंग नाही अन् जिरं नाही!"

* * *

शेवटचे पापड आमच्या घरी. रविवार होता. विलास खुर्चीत पेपर वाचत बसला होता. निदान पेपर तोंडापुढं होता. मी बराच वेळ पाहत होते, पान काही उलटलं नाही.

जंगलात आता दोघीच उरल्या होत्या. एक तारा, दुसरी गुड्डी नावाची लहानशी पोरगी. हवेची टाकी एक. समोर दरवाजा, आणि तो एकीसाठीच उघडणार. दोघींचा श्वास लागलेला. गुड्डी म्हणते, "दीदी, तू जा." तारा टाकीवर हात ठेवते.

"चॅप्टर खतम," मीनू म्हणाली. "आता लास्ट वाला."

तेवढ्यात पुष्पानं परात पाहिली. लाट्या संपल्या होत्या.

आता आमच्या बायांचं असं, की दुपारी रिकाम्या हातानं कोणाच्या घरी बसायचं नाही. काम आहे तोवर बस, काम संपलं की ऊठ. नाहीतर पाऱ्यात म्हणतात, हिला घरी धंदा नाही. कमलबाईनं लाटणं पुसलं. दुलारीकडं नळ यायची वेळ झाली होती. शांताचा राजू पाळीवरून येणार होता. कोणाच्याही घरचे पापड आता उरले नव्हते, म्हणजे उद्याही बसणं नव्हतं. एकेकीनं पदर झटकला. मनात कोणाच्याच नव्हतं, पण उभ्या राहिल्या. शांता सगळ्यांत शेवटी.

मीनू हातातली पानं धरून बसलेली. सगळ्या उभ्या होत्या आणि शेवटचा चॅप्टर बाकी होता. शर्त जिंकायला विलासला नुसता पेपर खाली करून बघायचं होतं.

त्यानं पेपर खाली केला. घडी घालून खुर्चीवर ठेवला. उठला, बायांच्या मधून वाट काढत स्वयंपाकघरात गेला. आतून पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं, मग दुसरी परात ओढल्याचा आवाज आला.

बाया दारातच थांबल्या.

आतून विलासनं हाक मारली, "आई, पापडखार किती टाकू?"