आवतन घेतलेला बैल

“उठव त्याले! आधी उठव, मंग तोंड उघड!”

हे ओरडणं आलापल्लीच्या माझ्या नालबंदीच्या दुकानापुढे निघालं, सूरजागडच्या लोहखनिजाच्या डोंगरावर आपटलं आणि तिथलं थोडं लोखंड अंगाला लावून परत आलं. ओरडणारा होता सागवानाच्या गाड्यांचा म्होरक्या, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. उठवायचं होतं त्याच्या बैलाला. बैल असा की त्याच्या शिंगांवर धोतर वाळत घालायला शिडी लागावी. आता तो दोरानं पाडलेला, पाय बांधलेला, आणि त्याच्या खुराशी मी. हातात हातोडी, ओठांत खिळे. खिळे धरून तोंड कसं उघडणार? मी नुसतं “हूं” केलं.

“हूं काय करतं? आवतन घेतलेला पावना हाय तो! पावन्याले मातीत लोळवून राह्यला काय रे पोट्ट्या?”

माझ्या हातातली हातोडी आपोआप खाली आली.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात आणि कानाशी सांगतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” तिथून तो बैल राहत नाही, पाहुणा होतो. त्याला जू नाही, काठी नाही, वाकडा शब्दही नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी चांद्याच्या परकोटाच्या भिंतीआत वाढलेला, काही विलायतेतून उतरलो नव्हतो. पण बैल घेऊन आला म्हाताऱ्याचा मेहुणा. उद्या पोळ्याच्या तोरणाखाली नव्या नालांचा टापटाप आवाज करत मिरवायची त्याला हौस. मी विचारलंही, “आवतन झालं का?” तो म्हणाला, “सांजेले हाय.” इकडे आभाळ भरून आलं म्हणून म्हाताऱ्याच्या बाईनं दुपारीच आवतन उरकलं होतं आणि खांद्यावरची हळद वाटेतल्या सरीनं धुऊन नेली होती. मेहुणा म्हातारा दिसताच असा पळाला की सीमेवरच्या सिरोंच्याला जाऊन थांबला आणि तेलुगू शिकूनच परतला म्हणतात.

मी मात्र पळू शकत नव्हतो. चांद्यात मामाच्या हाताखाली टांग्याच्या घोड्यांना नाल मारायला शिकलो, पण तिथे घोडे कमी आणि नालबंद फार. एकेका टापेमागे तीन-तीन नालबंद धावत. म्हणून भाता, ऐरण डोक्यावर घेऊन मी या जंगलात आलो होतो. सागवान ओढणारे बैल गिट्टीच्या रस्त्यावर खूर झिजवून घेत, म्हणजे पोटाची सोय होती. अट एकच. हा म्हातारा आपले बैल जिथे नेईल, तिथेच साऱ्या गाड्या जात. तो माझ्या दारातून रागावून गेला असता, तर मला ऐरण परत डोक्यावर घ्यावी लागली असती.

आणि गंमत पाहा. पुढचा एक पाय ठोकून झाला होता, दुसरा बाकी. सोडला तर पाहुणा उद्या तोरणाखाली लंगडत जाणार. बसलेला नाल उपटायचा तर अजून पाडूनच ठेवावा लागणार. घोड्याला उभ्यानं नाल मारतात. बैलाला पाडावंच लागतं, हे साऱ्या जगाला माहीत.

मी दोर सोडला. बैल उठला, अंग झटकलं आणि एक पाय टप्प, एक पाय धप्प करत दोन पावलं चालला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. त्याचा राग मला चालला असता. ते डोळे मिटणं पाहवेना.

तेवढ्यात त्याची बाई आली, हातात कोमट पाण्याचा गडवा. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. बैलापुढे बसली.

“चुकलं जी आमचं,” ती बैलाला म्हणाली. “घरचेच येडे हाय, तुमी मनावर नका घेऊ.” आणि त्याचे पाय धुऊ लागली. धुता धुता तिनं बिननालाच्या खुराला हात लावला, तर त्या डोंगरानं आपण होऊन पाय उचलून दिला!

मी पुटपुटलो, “बाई, पाय तसाच राहू द्या. बोलत राहा.”

“बोलत राह्यतो. पण तुयी हातोडी हळू चालव. त्याले वाटलं पाह्यजे का मीच चोळून राह्यली.”

तो खूर मी घोड्याचा घ्यावा तसा मांडीवर घेतला. बाई त्याला उद्याचं जेवण सांगत होती: पुरण, कढी, वडे. एकेका पदार्थाला मी एकेक घाव घातला. वड्यापर्यंत नाल बसला. बैलानं श्वास सोडला तेव्हा माझ्या भात्याला लाज वाटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कोळशाच्या धुराचं, असं मी आजवर सांगत आलोय.

पुढे आलापल्ली, अहेरी, चांदा, सगळीकडे माझ्या भट्ट्या लागल्या. उभ्या बैलाला नाल मारणारा म्हणून लोक मला पाहायला येत. एकदा वाघही येऊन पाय पुढे करून गेला, पण त्याच्या मापाचा नाल नव्हता. ते सारं म्हाताऱ्याच्या त्या दुपारच्या एका उत्तरावर लोंबकळत होतं. बैल ठणठणीत टापा वाजवत चालला तसा मी छाती फुगवून म्हाताऱ्याला विचारलं, “काऊन भाऊ, पाह्यला का कधी असा नालबंद?”

म्हातारा वाकला. खूर पाहिला. मिशीवरून हात फिरवला.

“दोन खिळे वाकडे गेले,” तो म्हणाला. “पोळा झाला का सारे बैल आणतो. पाडूनच ठोक.”